फ्लाय फिशिंग : गळवाल्यांचा हंगाम नदी ठरविते

मराठीत ‘मासा’ आणि ‘माशी’ या दोन शब्दांत थोडेच अंतर आहे. या दोहोंना दोरीने जोडणारा छंद म्हणजे फ्लाय फिशिंग. पिसे, लोकर, केस आणि रेशमी धागा गळावर बांधून कीटकाची किंवा लहान माशाची प्रतिकृती तयार करावयाची आणि ती पाण्यावर अशा रीतीने टाकावयाची की माशाने तिला खरे भक्ष्य समजावे, हे या प्रकाराचे थोडक्यात स्वरूप. गांडूळ, कणीक किंवा कोळंबी यांसारखे खरे आमिष यात वापरले जात नाही. हिमालयातील ट्राउट, डोंगरी नद्यांतील महाशीर आणि किनाऱ्यालगतच्या खाड्यांतील जिताडा अशा अगदी भिन्न पाण्यांतील माशांसाठी ही पद्धत आज भारतात वापरली जाते. मात्र प्रत्येक माशाचा हंगाम वेगळा असतो. तो गळवाल्याच्या सुटीवरून ठरत नाही. पाण्याचे तापमान, पाऊस, भरती-ओहोटी आणि माशाचा विणीचा काळ यांवरून तो ठरतो.

वजन दोरीत, गळ पिसासारखा

नेहमीच्या गळाला शिशाचे वजन लावलेले असते व ते वजन दोरीला ओढून दूर नेते. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला जवळजवळ वजनच नसते. ते दोरीत असते. ही जाड, लेपित दोरी काठीच्या लयबद्ध हालचालीने मागे-पुढे उलगडली जाते व तिच्या टोकाचा अतिशय बारीक, पारदर्शक धागा माशीला अलगद पाण्यावर ठेवतो. काठ्यांना वजनानुसार क्रमांक असतात. ट्राउटसाठी सामान्यतः ४ ते ६ क्रमांकाची, तर महाशीर व खाडीतील माशांसाठी ८ ते १० क्रमांकाची काठी वापरतात.

माश्यांचेही प्रकार आहेत. पाण्यावर तरंगणारी ती ‘कोरडी’ माशी व पृष्ठभागाखाली वाहणारी ती ‘ओली’ माशी. पाण्यातील अळीची नक्कल करणाऱ्या माशीला ‘निंफ’, तर लहान मासा किंवा कोळंबीसारखे जीव सुचविणाऱ्या लांबट बनावटीला ‘स्ट्रीमर’ म्हणतात. यांपैकी कोणती बांधावयाची, हे त्या ऋतूत मासा काय खात आहे यावर अवलंबून असते.

या कलेचा लिखित उल्लेख जुना आहे. इसवी सनाच्या सुमारे २०० या काळात रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातील लोक गळाला लाल लोकर व दोन पिसे बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, दोरी व गळ यांची माहिती त्यात येते. पिसांची माशी मात्र त्यात नाही. ती भारतात आली ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर. हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक या हौशी मंडळींचे दीर्घकाळ मार्गदर्शक होते.

ट्राउट : मार्च ते ऑक्टोबर

ट्राउट हा भारतातील मूळचा मासा नव्हे. काश्मीरमध्ये त्याची अंडी आणण्याचा १८९९ मधील पहिला प्रयत्न फसला. त्यानंतर स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून ब्राउन ट्राउटने तेथे मूळ धरले. श्रीनगरजवळील हारवन हे त्याचे पहिले मोठे केंद्र. काश्मीरमधूनच १९०९ मध्ये अंडी कुलूला नेण्यात आली व बियास नदीच्या खोऱ्यात ट्राउट पसरला. दक्षिणेत हेन्री चार्ल्स विल्सन याने १९०७ मध्ये निलगिरीत रेनबो ट्राउट रुजविला.

हा थंड पाण्याचा मासा असून १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानात तो सर्वाधिक सक्रिय असतो. पाणी २० अंशांच्या पुढे तापू लागले की त्याला प्राणवायू अपुरा पडतो. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर नदीतळाच्या खडीत अंडी घालतो. हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात गळ टाकण्यास मनाई असते, ती या कारणाने. काश्मीरमधील हंगाम साधारणतः एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. दोन्हीकडे मत्स्य विभागाचा परवाना आवश्यक आहे.

हंगाम खुला असला तरी त्यातील सर्व महिने सारखे नसतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी निर्मळ व उथळ असते आणि निंफ उपयोगी पडते. पुढे बर्फ वितळून नद्या गढूळ व वेगवान होतात. पावसाळ्यात तीर्थनसारख्या नद्यांनाही अचानक लोंढे येतात, म्हणून प्रवाहात उतरणे धोक्याचे असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा निवळते, कीटक पृष्ठभागावर येतात व कोरड्या माशीला सर्वांत चांगले दिवस येतात.

महाशीर : पावसाच्या अलीकडे आणि पलीकडे

महाशीर हा मात्र या भूमीतला. उत्तरेकडील सोनेरी महाशीर, शास्त्रीय नाव टॉर पुटिटोरा, हा हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांत आढळतो. पावसाळ्यात नद्यांना पाणी चढले की तो विणीसाठी वरच्या उपनद्यांकडे जातो व पूर ओसरताना मुख्य प्रवाहात परततो. त्याचे दोन हंगाम यातून निघतात : मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. संगमांच्या ठिकाणी, जेथे स्वच्छ उपनदी गढूळ नदीला मिळते, तेथे तो लहान माशांच्या पाळतीवर असतो व स्ट्रीमर घेतो. तो सर्वभक्षी असल्याने काठावरील झाडांची पडलेली फळेही खातो.

विणीसाठी वर चढणारे मासे आपल्याकडेही ठाऊक आहेत. मृगाच्या पहिल्या पावसात ओहोळांतून, शेतांतून वर येणाऱ्या अंडीभरल्या माशांना कोकणात ‘चढणीचे’ किंवा ‘वलगणीचे’ मासे म्हणतात आणि ते चवीने खाल्ले जातात. परंतु या दिवसांत धरलेली प्रत्येक मादी म्हणजे पुढील वर्षी कमी होणारी हजारो पिले होत. महाशीरच्या वाटेत धरणे उभी राहिल्याने त्याची चढण अनेक नद्यांत खुंटली आहे. सोनेरी महाशीर आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे.

पुण्याचा मासा, कावेरीचा धडा

दख्खनच्या निळसर परांच्या महाशीरचा शास्त्रीय इतिहास पुण्यापासून सुरू होतो. कर्नल विल्यम सायक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतून मिळालेल्या माशाचे वर्णन केले व ‘खुद्री’ हे नाव शास्त्रात रूढ केले. आज तो टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो. महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहात आणि वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाचे मासे म्हणून त्याला भाविकांनी पिढ्यान् पिढ्या अभय दिले आहे.

लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्राने गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून या माशाची कृत्रिम पैदास केली. तेथील पिले अनेक राज्यांना देण्यात आली व कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु कावेरीचा स्वतःचा महाशीर होता : पाठीवर उंचवटा असलेला, केशरी परांचा, जगातील सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. याच माशासाठी परदेशांतील गळवाले कावेरीवर येत.

गॅलिबोर येथील गळवाल्यांच्या शिबिरात १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा एकूण माशांची संख्या वाढत असताना कावेरीचा मूळ महाशीर झपाट्याने कमी होत गेला व त्याची जागा निळ्या परांच्या माशाने घेतली, असे दिसून आले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे तोपर्यंत त्या मूळ माशाला नक्की शास्त्रीय नावही नव्हते. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. सुरुंगाने केलेली मासेमारी, वाळूउपसा व धरणे हीही ऱ्हासाची कारणे आहेतच. परंतु एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे म्हणजे संवर्धन नव्हे, हा धडा कावेरीने दिला.

ही शिबिरे आता बंद आहेत. अभयारण्यात गळ टाकणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारच ठरते, अशी वन विभागाची भूमिका आहे. गळवाल्यांचा वावर थांबल्याने चोरट्या मासेमारीवरील लक्षही कमी झाले, असे हौशी मंडळींचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे व हा वाद अद्याप मिटलेला नाही.

खाडी व किनारा : ऑक्टोबर ते मे

कोकणात गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गरवणे हा तेथील जुना विरंगुळा आहे. फ्लायची काठी मात्र अलीकडची. जिताडा, तांबोशी, रावस व टोळ हे मासे खाडीच्या मुखाशी, खडकांलगत व कांदळवनांच्या कडेला स्ट्रीमर घेतात. पावसाचे गढूळ पाणी निवळल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून मेपर्यंत, हा हंगाम चालतो. दिनदर्शिकेइतकेच येथे तिथीला महत्त्व आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार असतो, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या वेळी पाणी संथ असते. ओहोटी लागली की कांदळवनातील लहान मासे व कोळंबी बाहेर ओढली जाते आणि वळणावर जिताडा त्यांची वाट पाहत असतो.

जिताड्याचे जीवनचक्र जाणण्यासारखे आहे. तो प्रथम नर असतो व काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे मोठा जिताडा बहुधा मादी असतो. पावसाळ्यात तो खाडीमुखाशी वितो. पिले खाजणांत व खारजमिनीत शिरतात. रायगड जिल्ह्यात अनेक शेतकरी हीच पिले तळ्यात वाढवितात. मोठा मासा घरी नेण्याचा मोह आवरण्यास यापेक्षा वेगळे कारण नको. यांत्रिक नौकांसाठी महाराष्ट्रात असलेली पावसाळी बंदी २०२५ मध्ये १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. काठावरून गरवणाऱ्यानेही तो काळ पाळावा, हे उचित.

हौशींनी पाळावयाची पथ्ये

परवाना आणि स्थानिक नियम यांची चौकशी मत्स्य विभागाकडे अगोदर करावी. अभयारण्ये आणि देवस्थानांचे डोह यांत गळ टाकू नये. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे तो माशाच्या तोंडातून सहज सुटतो. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. छायाचित्र काढावयाचे असल्यास मासा पाण्यालगत धरून काही सेकंदांतच काढावे. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवून तो स्वतः पोहू लागेपर्यंत आधार द्यावा. पाणी तापलेले असेल तर दुपारी गळ टाकूच नये. खाऱ्या पाण्यातून आल्यावर काठी, चक्री व दोरी गोड्या पाण्याने धुवावी.

याखेरीज एक वही ठेवावी. तारीख, ठिकाण, माशाची जात, लांबी आणि पाण्याची स्थिती एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. कावेरीतील महाशीर नाहीसा होत असल्याचा पुरावा अशाच वह्यांतून मिळाला होता.