कॉकची पावली: डच मोटारमालक आणि करांची शंभर वर्षे

१/ २ मे १९८९ रोजी हेग येथे पंतप्रधान रूड लुबर्स यांचे दुसरे मंत्रिमंडळ कोसळले. वादाचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ होता. घरून कामाच्या ठिकाणी जाण्या-येण्याच्या खर्चापोटी आयकरात मिळणारी वजावट मोटारीने जाणाऱ्यांसाठी बंद करावी आणि तो पैसा पर्यावरण योजनेकडे वळवावा, असा प्रस्ताव होता. सत्तेतील उदारमतवादी पक्षाने तो मान्य केला नाही आणि सरकार गेले.

२/ एका वजावटीसाठी सरकार पडावे, हे बाहेरच्या माणसाला नवलाचे वाटेल. डच संसारात मात्र मोटार हा गृहखर्चातील मोठा भाग असतो आणि त्या खर्चाचा बराच हिस्सा सरकारजमा होतो. हे कर कसे जन्मले, कोणत्या कारणाने आले आणि कारण सरल्यावर त्यांचे काय झाले, याचा मागोवा या धाग्यात घेऊ.

३/ १८९६ साली हेगचे छायाचित्रकार अडॉल्फ झिमरमन्स यांनी बेन्झ कंपनीची गाडी आणली. नेदरलँड्समधील ही पहिली मोटार मानली जाते. १९०५ च्या मोटार व सायकल कायद्याने वाहनांना प्रांतनिहाय क्रमांक दिले. प्रत्येक प्रांताचे अक्षर वेगळे. ती पद्धत १९५१ पर्यंत टिकली. सुरुवातीच्या काळात मोटार ही श्रीमंतांची चैन होती आणि रस्त्यावर राज्य होते सायकलीचे.

४/ म्हणूनच चाकांवरच्या करातून मोठी रक्कम उभी करण्याची सोय प्रथम सायकलस्वारांच्या खिशातून झाली. १९२४ साली अर्थमंत्री हेंड्रिकस कोलाइन यांनी सायकलकर लागू केला: दर सायकलीमागे वर्षाला ३ गिल्डर. पैसे भरल्याची खूण म्हणून धातूचा छोटा बिल्ला मिळे आणि तो सायकलीवर दिसेल असा लावावा लागे. महाराष्ट्रात नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

५/ महामंदीत लाखो लोक बेकार झाले. ज्यांना कर झेपत नव्हता त्यांना बिल्ला फुकट मिळू लागला. पण त्या बिल्ल्याला मधोमध भोक पाडलेले असे. सवलत मिळाली, पण गरिबीची खूण सायकलीवर मिरवावी लागली. या अपमानाची आठवण डच समाजात दीर्घकाळ राहिली. १९४१ साली हा कर रद्द झाला तोही जर्मन अंमलात. स्वतःच्या सरकारने लादलेला कर परकीय आक्रमकांनी काढावा, हा इतिहासातील एक विचित्र योग.

६/ दरम्यान मोटारींची संख्या वाढू लागली होती. दगडी, खडबडीत, अरुंद रस्ते त्यांना पुरत नव्हते. यातून १९२६ चा रस्तेकर कायदा आला. त्यामागचा विचार सरळ होता: जड गाडी रस्ता अधिक झिजवते, म्हणून कर गाडीच्या वजनावर घ्यावा, आणि जमलेला पैसा स्वतंत्र रस्तेनिधीत टाकून त्यातून रस्ते बांधावेत. १९२७ साली देशव्यापी रस्तेयोजनाही आखली गेली.

७/ या कायद्यात एक करार दडलेला होता. मोटारमालक पैसे देईल, सरकार रस्ते देईल. कराचे नाव, त्याचे माप आणि त्याचा विनियोग या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या. पुढच्या शंभर वर्षांतील जवळजवळ प्रत्येक तक्रारीचे मूळ हा मेळ सुटत जाण्यात आहे.

८/ दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९५० साली देशात दीड लाखाहूनही कमी खासगी मोटारी होत्या. १९७० पर्यंत त्यांची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. १९५८ साली आइंडहोव्हनच्या डाफ कंपनीने ६०० हे छोटे, गिअर बदलावे न लागणारे मॉडेल आणले आणि मोटार सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागली. १८८३ मध्ये सायकलस्वारांचा संघ म्हणून स्थापन झालेली एएनडब्ल्यूबी ही संस्था याच ओघात मोटारचालकांची सर्वांत प्रबळ संघटना झाली.

९/ मोटार चैनीची वस्तू राहिली नाही, पण करव्यवस्थेने तिला चैनीचीच वस्तू मानले. १९६९ साली मूल्यवर्धित कर आला तेव्हा खासगी मोटारींवर आणखी एक विशेष उपभोगकर बसला. त्यामुळे आता तीन दारे झाली: गाडी घेताना कर, गाडी बाळगताना कर आणि इंधन भरताना कर.

१०/ १९७३ च्या तेलसंकटाने यात भर घातली. इस्रायलला दिलेल्या पाठिंब्यामुळे अरब देशांनी नेदरलँड्सचे तेल रोखले. ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी खासगी मोटारी चालवण्यास बंदी आली. रिकाम्या महामार्गांवर मुले स्केट्स घालून धावली, लोक सायकलींवरून सहलीला निघाले. जानेवारी १९७४ मध्ये काही काळ पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळत होते. मोटार म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण प्रथमच डळमळले.

११/ यानंतर मोटारीवरील कराला रस्ते आणि तिजोरी यांखेरीज तिसरे कारण मिळाले: पर्यावरण. १९८९ चे सरकार पडले ते याच वळणावर. निवडणुकीनंतर लुबर्स पुन्हा पंतप्रधान झाले. मात्र या वेळी त्यांचा सहकारी मजूर पक्ष होता आणि अर्थमंत्री होते त्या पक्षाचे नेते विम कॉक. मोटारचालकांची वजावट वाचवण्यासाठी पाडलेल्या सरकारच्या जागी जे सरकार आले, त्यानेच पुढे मोटारचालकांना सर्वांत संस्मरणीय करवाढ दिली.

१२/ १९९१ साली अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी कॉक यांनी पेट्रोल लिटरमागे २५ सेंटांनी, म्हणजे पाव गिल्डरने महाग केले. डच भाषेत २५ सेंटांच्या नाण्याला ‘क्वार्ट्ये’ म्हणत. मराठीत सांगायचे तर ही ‘कॉकची पावली’. लोकस्मृतीत ही वाढ तात्पुरती म्हणून नोंदली गेली. कायद्यात मात्र तिला समाप्तीची तारीख नव्हती.

१३/ तूट पुढे भरून निघाली. कॉक स्वतः १९९४ ते २००२ या काळात पंतप्रधान राहिले. गिल्डर जाऊन युरो आला आणि ती पावली सुमारे ११ युरो सेंटांची झाली. ती परत मात्र मिळाली नाही. आजही ‘आमची पावली परत द्या’ ही मागणी डच राजकारणात अधूनमधून उठते. रक्कम मोठी नाही. सल आहे ती शब्द मोडला गेल्याच्या भावनेची.

१४/ याच दशकात १९२६ च्या कराराचा उरलेला धागाही तुटला. जुना रस्तेकर सार्वजनिक रस्त्याच्या वापरासाठी होता. गाडी खासगी जागेत उभी असेल तर तो लागत नसे. १९९५ पासून कर वापरावर न राहता गाडी नावावर असण्यावर बसला. गाडी महिनाभर दारात उभी राहिली तरी कर चुकत नाही. तो टाळायचा तर शुल्क भरून नोंदणी तात्पुरती स्थगित करावी लागते आणि त्या काळात गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

१५/ हा कर साधारणपणे दर तीन महिन्यांनी भरायचा असतो. तो गाडीच्या वजनावर, इंधनाच्या प्रकारावर आणि मालकाच्या प्रांतावर ठरतो, कारण प्रत्येक प्रांत त्यावर स्वतःचा अधिभार लावतो. त्यामुळे एकाच गाडीला दोन प्रांतांत दोन वेगळे कर. महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरून मोकळे होता येते. नोकरीनिमित्त आइंडहोव्हन किंवा ॲम्स्टेलफेनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच ही तिमाही वसुली प्रथम बुचकळ्यात टाकते. आणि नाव रस्त्याचे असले तरी हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो.

१६/ खरेदीवरील करही बदलला. १९९३ पासून नव्या गाडीच्या निव्वळ किमतीच्या ४५.२ टक्के दराने, ठरावीक वजावट धरून, कर आकारला जाई. पुढे टप्प्याटप्प्याने किमतीऐवजी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन हा आधार झाला आणि २०१३ पर्यंत हे स्थित्यंतर पूर्ण झाले. म्हणजे १९२६ मध्ये वजन, १९९३ मध्ये किंमत, २०१३ मध्ये धूर: त्या त्या काळात राज्याला मोटारीचा कोणता दोष खुपत होता, ते या मापांवरून कळते.

१७/ लोकांनीही आपली गणिते बांधली. व्यापारी वाहनांना कर कमी, म्हणून अनेकांनी घरगुती वापरासाठी मागची आसने नसलेल्या व्हॅन घेतल्या. २००५ मध्ये ही सवलत मुख्यतः व्यावसायिकांपुरती राखली गेली. पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांना करमाफी, म्हणून परदेशातून जुन्या डिझेल गाड्या आणून रोज चालवल्या गेल्या. २०१४ मध्ये ती मर्यादा चाळीस वर्षांवर नेली. २०१३ च्या अखेरीस मित्सुबिशी आउटलँडर या हायब्रिड गाडीवर उड्या पडल्या, कारण त्या वर्षात नोंदणी झाली तर कंपनीने दिलेल्या गाडीच्या खासगी वापरावरील करातून ती पाच वर्षे सुटत होती. तिचे वीजजोडणीचे भोक अनेकांनी क्वचितच वापरले.

१८/ एवढी गुंतागुंत असेल तर सरळ किलोमीटरमागे कर का घेऊ नये? हा प्रश्न डच राजकारणात तीन दशकांहून अधिक काळ फिरतो आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये मंत्री कामिल युरलिंग्ज यांच्या प्रस्तावाला मंत्रिमंडळाने संमती दिली. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकार पडले आणि योजना बारगळली. २०२१ च्या आघाडी करारात ‘वापरानुसार कर’ २०३० पासून आणण्याचे ठरले. २०२३ मध्ये तेही सरकार पडले आणि ही योजनाही मागे पडली. खेड्यात राहणाऱ्यांना लांबच्या अंतराचा भुर्दंड पडेल, सरकारला आपला ठावठिकाणा कळेल, आणि जुना कर न हटवता नवा बसेल, या तीन भीती दर वेळी पुढे आल्या. त्यांतील तिसरी कॉकच्या पावलीची देणगी आहे.

१९/ पंपावरचे गणित पाहू. जुलै २०२३ मध्ये पेट्रोलवरील अबकारी कर लिटरमागे सुमारे ७९ सेंट झाला. पेट्रोल लिटरला २ युरो असेल, तर त्यात २१ टक्के मूल्यवर्धित कराचे सुमारे ३५ सेंट असतात. म्हणजे त्या दराने २ युरोंपैकी सुमारे १ युरो १४ सेंट कर. शिवाय मूल्यवर्धित कर हा अबकारी करासहच्या रकमेवर लागतो, करावर कर. सीमेजवळ राहणारे डच म्हणूनच टाकी भरायला जर्मनी किंवा बेल्जियम गाठतात. शहरात राहणाऱ्याला याशिवाय विमा, तपासणी आणि पालिकेचा पार्किंग परवाना आहेच. ॲम्स्टरडॅमच्या काही भागांत त्या परवान्यासाठीही प्रतीक्षायादी असते.

२०/ इतिहासाचा एक उलटा धडाही आहे. युक्रेन युद्धाने इंधन भडकले तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये सरकारने अबकारी कर २१ टक्क्यांनी घटवला. ही सवलतही तात्पुरती होती. २०२३ मध्ये ती थोडी कमी झाली, पण पूर्णपणे मागे घेण्याचे धाडस होईना आणि मुदत वाढत गेली. १९९१ ची वाढ जशी चिकटली, तशीच ही सूटही. करांत ‘तात्पुरते’ या शब्दाचे आयुष्य दोन्ही बाजूंनी लांबते.

२१/ मग कोणतीच वसुली कधी थांबली नाही का? थांबली. झेलंड प्रांतातील वेस्टरस्खेल्डे बोगदा २००३ मध्ये टोल घेऊन सुरू झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींसाठी टोलमुक्त झाला. तिथे वसुली एका बांधकामाच्या खर्चाशी जोडलेली होती आणि तो हिशेब फेडता येण्याजोगा होता. सर्वसाधारण तिजोरीत मिसळलेल्या पावलीचा असा हिशेब कुणाला मांडता येत नाही.

२२/ आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. वर्षानुवर्षे त्यांना मोटारकर माफ होता. २०२५ मध्ये माफी संपून त्याजागी सवलत आली. पेट्रोल न घेणाऱ्या गाडीकडून अबकारी कर मिळत नाही, त्यामुळे तिजोरीला नवा आधार शोधावाच लागेल. पण बॅटरीमुळे या गाड्या जड असतात आणि मोटारकर आजही वजनावरच चालतो. धूर न सोडणाऱ्या गाडीला १९२६ चा काटा अधिक कर दाखवतो. सवलतीचे कारण तेच.

२३/ शंभर वर्षांपूर्वी डच मोटारमालकाला पैसे कशाचे, किती आणि कुठे जातात, हे एका वाक्यात सांगता येत होते. आज नव्वद लाखांहून अधिक मोटारींच्या या देशात ते वाक्य कुणाकडे नाही. किलोमीटरवर कर येवो वा वजनावर राहो, पुढच्या अर्थमंत्र्याला ते वाक्य आधी शोधावे लागेल. नाहीतर पावलीची आठवण निघणारच.

(समाप्त)