उशाशी असलेला इतिहास



आठवीतली सहल आठवते ना? दुसरबीडहून एस.टी.ने सिंदखेड राजा. राजवाड्याचे महाद्वार, रंगमहाल, पुतळा बारव, मोती तलाव सगळे पाहून झाले, तलावाच्या काठावर डबे सुटले. निघण्यापूर्वी सरांनी आम्हाला लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी उभे केले आणि विचारले, "लखुजीरावांना कोणी मारले?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मोगलांनी!"

सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "घरी जाऊन वाचा, मग सांगा." सहल संपली, परीक्षा आली आणि प्रश्न तिथेच राहिला. मी त्याचे उत्तर वाचले ते नोकरी लागल्यावर, पुष्कळ उशिरा.

लखुजीरावांना मोगलांनी मारले नव्हते. १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात त्यांच्यावर घाला पडला, तो त्यांच्या धन्याच्या म्हणजे निजामशहाच्या दरबारात. अचलोजी आणि राघोजी हे पुत्र व यशवंतराव हा नातू त्यांच्याबरोबर मारले गेले. एकाच घरातील तीन पिढ्यांची माणसे एका दिवसात गेली. आपण सहलीत ज्या भव्य वास्तूच्या सावलीत बसलो, ती या घटनेची खूण आहे.

त्याआधीची हकीकत आणखी गुंतागुंतीची आहे. त्या काळी दक्षिणेत अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही नांदत होती आणि उत्तरेकडून मोगल रेटत होते. मराठा सरदारांजवळ स्वतःच्या फौजा होत्या, वतने होती. कधी मानासाठी, कधी जहागिरीसाठी, कधी केवळ जीव वाचवण्यासाठी ते एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. निजामशाहीच्या बाजूने मलिक अंबर लढत होता. हा मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि कर्तबगारीवर वजीर झालेला माणूस. त्याच्या फौजेत शहाजीराजे होते. समोर मोगल व आदिलशाही फौजा होत्या आणि मोगलांच्या बाजूला होते लखुजीराव! सासरा एका छावणीत, जावई दुसऱ्या छावणीत. या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी कामी आले. पुढे लखुजीराव निजामशाहीत परतले आणि तिथेच त्यांचा घात झाला. त्यावर संतापून शहाजीराजांनी निजामशाही सोडली आणि काही काळ मोगलांची चाकरी धरली.

आता जिजाऊंच्या जागी उभे राहून पाहा. दीर रणात गेला तेव्हा वडील शत्रूच्या गोटात. मग वडील, दोन भाऊ, भाचा एकाच दिवशी गेले. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर त्यांच्या पोटी शिवराय जन्मले. दुसऱ्याच्या दरबारातील चाकरी किती बेभरवशाची असते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज उरली नव्हती. स्वतःचे राज्य हवे, ही गोष्ट त्यांच्या घराने रक्त देऊन ओळखली होती, असे मला वाटते.

मध्ययुगाची ओढ आजही का ओसरत नाही? १८७१ साली गुंजीकरांची 'मोचनगड' आली, मग हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या, भालजींचे चित्रपट, 'जाणता राजा'चे प्रयोग, आता मालिका आणि मोठ्या पडद्यावरचे कोट्यवधींचे चित्रपट. पाश्चात्त्यांनाही किल्ले, तलवारी, राजघराण्यांतील वैरे यांचे असेच वेड आहे. या वेडाला मी नावे ठेवणार नाही. इतिहासाची माझी गोडी गोष्टींतूनच लागली. रंगमहालात रंग खेळताना लखुजीराव थट्टेने शहाजी-जिजाऊंचा जोडा जुळवून गेले, ही बखरीतली कथा सरांनी तिथेच सांगितली होती. बखरी मागाहून लिहिल्या गेल्या आणि अभ्यासकांना ही कथा तशी घडली असे वाटत नाही. तरी तो महाल पाहिला की तीच आठवते. गोष्ट आपल्याला दारापर्यंत आणते. मात्र आत पाऊल टाकल्यावर दिसते ते अडीच तासांच्या चित्रपटात मावत नाही, कारण तिथे एक बाजू आपली आणि एक परक्यांची एवढाच हिशेब असतो.

हे लिहायचे कारण घरचेच आहे. मागे एका ऐतिहासिक चित्रपटावरून आपल्या बॅचच्या ग्रुपवर वाद पेटला. आठवीत एका बाकावर बसणारे दोघे एकमेकांना नको ते बोलले. एक ग्रुप सोडून गेला, तो अजून परतला नाही. दोघांचीही श्रद्धा खरी होती. पण सरांचा प्रश्न दोघेही विसरले होते, आणि वाद पाहत गप्प बसलेला मीही.

२०२४ च्या जूनमध्ये समाधीच्या परिसरात पुरातत्त्व विभागाचे काम चालू असताना जमिनीखाली जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. आपण जिथे रांगेत उभे राहून चुकीचे उत्तर दिले, त्याच परिसरात, मातीखाली, लखुजीरावांच्याही आधीचा काळ निजला होता. दर १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला लाखो लोक सिंदखेडला येतात. आपल्याला तर ते अगदी उशाशी आहे.

म्हणून एक विनंती. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पुन्हा सहलीला जाऊ. डबे आणू, मोती तलावावर जेवू. त्या दोघांनीही यावे, मी दोघांच्या मधे बसतो. सर येणार असतील तर त्यांना समाधीपाशी खुर्ची देऊ. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

सर, या वेळी आम्ही वाचून येतो.