कंसाचे शिर आणि चौथी वाहिनी

दादासाहेब फाळके यांचा ‘श्रीकृष्णजन्म’ हा मूकपट १९१८ साली पडद्यावर आला. त्याचा जो तुटपुंजा भाग आज उपलब्ध आहे, त्यात कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर जाते. कंसाचे मृत्युभय दाखविण्यासाठी योजलेल्या या दृश्याची वासलात बहुधा ‘चमत्कृती’ या एका शब्दात लावली जाते. हा अन्याय होय. दोन वेगळ्या वेळी घेतलेली चित्रे एकाच चौकटीत अशी बसवावयाची की सांधा दिसू नये, हा प्रश्न फाळक्यांपुढे होता. आणि तो अद्याप जुना झालेला नाही.

या कामाची पूर्वतयारी त्यांच्या आयुष्यातच झालेली होती. मुंबईचे जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. पुढे ठसे करण्याचा व छपाईचा धंदा केला. जादूचे प्रयोगही केले, आणि तेही स्वतःचे आडनाव उलटे करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने! ठसे करणाऱ्याला प्रकाश कोठे पोचू द्यावा आणि कोठे अडवावा हे कळते. प्रेक्षकाची नजर कोठे गुंतवावी हे जादूगाराला कळते. दोन्ही विद्या एका माणसाच्या ठायी असणे हा मराठी चित्रपटसृष्टीचा भाग्ययोगच म्हणावयाचा.

त्या काळची रीत सांगावयास सोपी, करावयास अवघड. काळ्या वस्तूवरून फितीपर्यंत प्रकाश जवळजवळ पोचतच नाही. म्हणून काळ्या पडद्यापुढे एक दृश्य टिपावयाचे, फीत मागे गुंडाळावयाची आणि कोऱ्या राहिलेल्या जागेत दुसरे दृश्य टिपावयाचे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस याने १८९८ सालीच या युक्तीने स्वतःची अनेक मस्तके एका चित्रात दाखविली होती. हिशेब किंचित चुकला की एक आकृती दुसरीतून भुतासारखी आरपार दिसे, आणि सारी मेहनत पुन्हा करावी लागे.

काळ्याच्या जागी पुढे निळा पडदा आला. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात लॅरी बटलर याने त्याचा उपयोग केला. संगणकाच्या काळात हिरवा रंग अधिक रूढ झाला. परंतु अडचण पडद्याच्या रंगाची नव्हतीच. ती कडेची होती. वाऱ्यावर उडणारा केस धड पुरता नटाचा नसतो, धड पुरता पार्श्वभूमीचा नसतो. कात्रीने कापल्यासारखी कड काढली तर माणूस पुठ्ठ्याचा दिसतो.

यावरचा तोडगा १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाला. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी चित्राच्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा या तीन रंगांखेरीज एक चौथा आकडा दिला. एक म्हणजे पूर्ण अपारदर्शक, शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, आणि केसाच्या टोकाला अर्धा किंवा पाव. या चौथ्या वाहिनीला त्यांनी ‘अल्फा’ म्हटले. १९८४ साली थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी तिचे गणित बांधून दिले. रंगांचे आकडे अल्फाने आधीच गुणून ठेवावेत, म्हणजे चित्रे एकावर एक रचणे सुलभ होते, असे त्यांनी दाखविले.

घोटाळा होतो तो येथेच. आधी गुणलेले रंग जोडणाऱ्याने न गुणलेले समजून पुन्हा गुणले, की आकृतीभोवती काळपट रेघ उमटते. चौथी वाहिनी साठविण्याची सोयच नसलेल्या स्वरूपात चित्रफीत तयार केली, तर मुसळ केरात! पारदर्शक जागा भरीव होऊन बसते आणि मागचे दृश्य झाकले जाते. म्हणून काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना रंग गुणलेले की न गुणलेले, हे सांगणे जाणकार कधी टाळीत नाहीत.

या चौघांना १९९६ साली अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. फाळके १९४४ च्या फेब्रुवारीत नाशिकला निवर्तले होते. त्यांच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या आहेत; कंसाचे ते शिर मात्र उरलेल्या तुकड्यात अजून वर जाताना दिसते.