डिकीतले ठिपके

गाडीच्या मागच्या सामानाच्या जागेला इंग्लंडमध्ये ‘बूट’ म्हणतात, अमेरिकेत ‘ट्रंक’. आपण मात्र ‘डिकी’च म्हणतो. जुन्या दोनदारी गाड्यांच्या पाठीमागे झाकण उघडलं की एक जादा बैठक बाहेर येई. तिला इंग्रज ‘डिकी सीट’ म्हणत. ती बैठक गेली, तिच्या जागी सामान आलं, पण नाव आपल्याकडे टिकून राहिलं. रंगाऱ्याच्या तोंडचा ‘ड्युको’ हा शब्दही तसाच. ड्युपाँ कंपनीच्या एका लॅकरचं हे व्यापारी नाव. 1924 सालच्या ओकलंड गाड्या या निळ्या लॅकरमध्ये आल्या आणि मोटारीचा रंग वाळायला लागणारे आठवडे तासांवर आले. आज सुतार कपाटालाही ‘ड्युको’ करून देतो. मोटारीशी त्याचं नातं कोणाच्या लक्षातही नसतं.

जुन्या अमेरिकी गाडीची डिकी उघडली की हे दोन्ही इतिहास एकत्र भेटतात. साठच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांमध्ये आतला पत्रा एकरंगी नसे. काळ्यावर निळसर-हिरवे किंवा राखाडीवर पांढरे शिंतोडे असत. हे कोणी ब्रशने उडवलेले नव्हते. जॉन झोला यांना 1952 साली अमेरिकेत अशा बहुरंगी रंगाचं पेटंट मिळालं. त्यातली युक्ती साधी आणि सुंदर आहे. लॅकरचे वेगवेगळ्या रंगांचे थेंब पाण्यात तरंगत ठेवायचे आणि प्रत्येक थेंबाभोवती असं आवरण राखायचं की ते एकमेकांत मिसळणार नाहीत. डबा एक, बंदूक एक, फवारा एक. पत्र्यावर उतरतात मात्र दोन-तीन रंग.

हे शोभेसाठी नव्हतं. डिकीत वेल्डिंगचे डाग, पत्र्याचे सांधे, ठोकल्याच्या खुणा उघड्या असतात. एकरंगी चकचकीत रंगात त्या डोळ्यांत भरतात, ठिपक्यांत हरवतात. स्टेपनीचे आणि जॅकचे ओरखडेही लपतात. आपल्या घरातल्या मोझॅक फरशीचा हिशेब हाच: मळ दिसत नाही, तुकडा उडाला तरी चटकन कळत नाही. ठिपका हा कारखान्याचा काटकसरी शहाणपणा होता.

या गाड्या आपल्याकडे आल्या त्या तयार. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला 1928 पासून जुळणीचा कारखाना होता, पण तो 1954 मध्ये बंद झाला. त्यानंतरच्या इम्पाला परदेशातून आल्या. दूतावासांच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. गाडी आली, पण तिचा डिकीचा रंग इथल्या दुकानात नव्हता. मग गंज धरला की रंगारी हाताशी असेल ते मारी: काळा ड्युको, लोखंडी कपाटावरचा हॅमरटोन, नाहीतर वरून सरळ रेक्झिन. हॅमरटोन लांबून तसाच वाटतो, पण तो एकाच रंगाचा सुरकुतलेला पापुद्रा असतो. त्यात ठिपके नसतात.

आता असा रंग बाहेरून मागवता येतो, पण तो मारताना रंगाऱ्याला आपल्या बहुतेक सवयी सोडाव्या लागतात. डबा जोराने हलवायचा नाही, हळूच ढवळायचा; नाहीतर थेंब फुटून चिखल होतो. गाळायचा नाही, कारण गाळणीत ठिपकेच अडकतात. हवेचा दाब कमी, नोझल मोठं. दाब वाढवला की ठिपका बारीक होतो. त्याआधी गंज धातूपर्यंत काढून, प्रायमर देऊन, सांधे भरून घ्यायला हवेत, कारण पाण्यातला रंग उघड्या पत्र्यावर पडला तर गंजाला आमंत्रणच. शेवटी वर मंद चमकेचा पारदर्शक थर.

हवामानही हिशेबात धरावं लागतं. बुटीबोरीच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे गेलेला असताना, थेंब नीट पसरण्याआधीच सुकायला लागतात. पावसाळ्यात ते सुकता सुकत नाहीत. दिवाळीनंतरचे महिने बरे. इथल्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग सहज करून मिळेल, पण ते भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास पक्कं होतं. सांध्यांत मसाला भरलेला अख्खा सांगाडा भट्टीत घालता येत नाही.

खरा प्रश्न रंगाच्या आधीचा आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, सांगाडा आणि इंजिनात मोठे बदल नकोत, अशी त्यांची अट आहे. डिकीच्या रंगाबद्दल त्यांत काही नाही. म्हणजे तिथे काय करायचं हे मालकाच्या सद्सद्विवेकावर सोडलेलं आहे. सगळं खरवडून नव्याने फवारलं तर डिकी छान दिसेल, पण मूळ ठिपके केवढे होते, किती दाट होते, कोणत्या दोन रंगांचे होते, हे सांगणारा एकमेव पुरावाही त्या खरवडीबरोबर जाईल.

म्हणून आधी स्टेपनीखाली आणि बाजूच्या पुठ्ठ्यामागे पाहावं. ऊन आणि हात न पोचलेला वीतभर तुकडा तिथे बहुधा सापडतो. त्याचे फोटो घ्यावेत, नमुना जुळवून घ्यावा, आणि तो तुकडा तसाच सोडून बाकीचं रंगवावं. पुढच्या मालकाला आपलं काम तपासून पाहता आलं पाहिजे.