मूठ आणि मिश्रण

मोटारसायकलीची मूठ पिळली की यंत्रात पेट्रोल वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मुठीने प्रथम मोकळी होते ती हवेची वाट. त्या हवेबरोबर पेट्रोल किती जावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास म्हैसूर शहरात फार चांगला वाचता येतो.

रुस्तम व फारुख इराणी यांनी १९६० साली, महाराजा जयचामराज वडियार यांच्या प्रोत्साहनाने, म्हैसूरच्या यादवगिरी भागात ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला. १९६१ पासून तेथे चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने २५० सी.सी.ची जावा तयार होऊ लागली. पुढे हीच गाडी ‘येझदी’ झाली. यादवगिरीच्या दक्षिणेस, कवी कुवेंपु यांचे नाव लाभलेल्या कुवेंपुनगरासारख्या वस्त्यांत या गाड्यांवर जीव टाकणारे आजही भेटतात. कारण गाडी जितकी कारखान्याची, तितकीच ती मेस्त्रीची होती.

तिच्या कार्बोरेटरची रचना साधी होती. पिस्टनच्या ओढीने हवा अरुंद नळीतून वेगाने जाई, तेथील दाब उतरे आणि बारीक छिद्राच्या जेटमधून पेट्रोल वर चढे. मूठ पिळली की नळीतला दट्ट्या सुईसह उचलला जाई. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पण म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंच. तेथील हवा किंचित विरळ, म्हणून मुंबईत बसविलेले मिश्रण येथे थोडे जड पडते. मेस्त्री स्पार्क प्लग काढून पाही. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, तपकिरी असेल तर ठीक. मग हवेचा स्क्रू किंचित फिरवायचा, सुई एका खाचेने खालीवर करायची. नव्या गाडीचे गचके असे कानाने व डोळ्याने बरे होत.

या विद्येत एक मोठे वैगुण्य होते. नळकांड्यातून न जळलेले किती बाहेर पडते, हे मेस्त्रीचा कान सांगू शकत नव्हता. जावाच्या दोन फटक्यांच्या यंत्रात तर ताज्या मिश्रणाचा काही अंश थेट धुराबरोबरच निसटे. १९९१ मध्ये देशात पेट्रोल वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या, १९९६ मध्ये त्या अधिक कडक झाल्या. त्याच वर्षी म्हैसूरचा कारखाना बंद पडला. धूर हे त्याचे एकमेव कारण मानणे मात्र अन्यायाचे होईल. कमी पेट्रोल पिणाऱ्या नव्या गाड्यांनी त्याचा बाजार आधीच पोखरला होता.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी पिचकारी आली. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला मिश्रण १४.७ च्या आसपासच हवे असते. मूठ सोडताच पेट्रोल तोडले जाते. पुन्हा हलकेच पिळली की ते एकदम सुरू होते आणि गर्दीत गाडी झटका देते. नव्या गाडीच्या मालकाची ही तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ नेहमीच बिघाडात नसते. पुष्कळदा ते नियमांत व संगणकाच्या आकडेवारीत असते, आणि तेथे मेस्त्रीच्या पेचकसाला प्रवेश नाही. शहरांच्या श्वासासाठी ही अदलाबदल योग्यच झाली. मात्र कारखान्यांनी ती आकडेवारी अधिक निगुतीने बसवायला हवी होती.

जावाचे नाव २०१८ मध्ये परतले, तेही याच पिचकारीसह आणि चार फटक्यांच्या यंत्रासह. कारखाना मात्र म्हैसूरला नव्हे, मध्य प्रदेशातील पीथमपूरला. म्हैसूरच्या जुन्या जावांपुढे आता वेगळाच पेच आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले असून त्यात प्राणवायू अंगचाच असतो; तेवढ्याच हवेला इंधन थोडे अधिक लागते. नवा संगणक धुरातील प्राणवायू मोजून ही भर आपोआप घालतो. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही; तेथे किंचित मोठे जेट बसवावे लागते, आणि त्यासाठी प्लगचा रंग वाचता येणारा मेस्त्री शोधावा लागतो.