कण्हेर

कण्हेर (शास्त्रीय नाव: नेरियम ओलिअँडर) हे सदाहरित, शोभिवंत फुलझुडूप करवीर कुलातील (ॲपोसायनेसी) आहे. सदाफुली, तगर व चाफा याच कुलात येतात. भूमध्य सागरी प्रदेशापासून दक्षिण आशियापर्यंत ते मूळचे आढळते. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात अंगणात, देवळाच्या आवारात व रस्त्यांच्या दुभाजकांवर लावण्यास ते सोयीचे ठरते. त्यास पाणी थोडे पुरते आणि गुरे-शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत.

झुडूप साधारण २ ते ४ मीटर उंच वाढते. पाने लांबट, चिवट असून बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात. पानांच्या खालच्या बाजूची पर्णरंध्रे केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने बाष्पोत्सर्जन कमी होते. फुले पांढरी, गुलाबी किंवा तांबडी, एकेरी अथवा दुहेरी असतात. लागवड छाट कलमांनी होते.

नावे

संस्कृत 'करवीर' या शब्दापासून प्राकृत 'कणवीर', 'कणेर' ही रूपे झाली. मराठी 'कण्हेर' व हिंदी 'कनेर' त्याच मालिकेतील होत. कोल्हापूरचे जुने नावही करवीर असून त्या नावाचा तालुका आज आहे. 'अश्वमारक' व 'हयमारक' (घोड्यास मारणारा) ही संस्कृत नावे वनस्पतीचा स्वभाव अधिक स्पष्ट सांगतात. 'नेरियम ओलिअँडर' हे नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले.

पिवळी कण्हेर

'पिवळी कण्हेर' किंवा 'बिट्टी' ही कण्हेरीची पिवळ्या फुलांची जात नव्हे. ती त्याच कुलातील, पण वेगळ्या प्रजातीची, उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली वनस्पती (कॅस्काबेला थेवेशिया) आहे. तिची पाने एकाआड एक येतात, फुले घंटेसारखी असतात आणि फळ मांसल, कठीण कोय असलेले असते. खऱ्या कण्हेरीस मात्र शेंगांसारखी लांब, जोडीने येणारी फळे धरतात व त्यांतील बियांना केसांचा झुपका असतो. मुले बिट्टीच्या कोयी खेळण्यास घेतात. त्यांतील बी अत्यंत विषारी असल्याने हा खेळ धोक्याचा आहे.

विषारीपणा

दोन्ही वनस्पतींचे सर्व भाग विषारी आहेत. कण्हेरीत ओलिअँड्रिन, तर बिट्टीत थेवेटिन ही हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. पोटात गेल्यास उलट्या होतात व हृदयाचे ठोके अनियमित होतात; रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. आयुर्वेदात करवीराची गणना उपविषांत होते व शोधन केल्याशिवाय तो औषधात वापरीत नाहीत. त्यामुळे मुळी उगाळून देण्यासारखे घरगुती उपचार जिवावर बेतू शकतात.