पै॥

पत्र पोचलं का, याचं उत्तर पेशवाईत पत्रावरच नोंदवलेलं सापडतं. मोडी पत्र हाती आलं की त्यावर 'पैवस्ती', म्हणजे पोचल्याची तारीख, लिहीत. छापील पत्रसंग्रहांत 'पै॥' दिसतं ते हेच. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख शेजारी ठेवा, जासूद किती दिवस चालला ते कळतं.

१ जुलै १८७९ला भारतात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावरचा शिक्का कार्ड कचेरीत आल्याचं सांगे, माणसाच्या हातात पडल्याचं नाही.

ही उणीव २००५मध्ये पाउलो मागाल्यायश या पोर्तुगीज तरुणाच्या पोस्टक्रॉसिंगने भरून काढली. कार्डावर एक क्रमांक. तो अनोळखी माणसाने साइटवर नोंदवला की मगच तुम्हाला कार्ड येण्याची पाळी. नवख्याला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात. एखाद्याने नोंद केली नाही तर ती जागा ६० दिवस अडते. कारकुनाला निदान पगार होता!

आणि क्रमांकच पुसला तर? हिर्डोशीसारख्या घाटाजवळच्या गावातून आषाढात कार्ड टाकणाऱ्याने शाईपेनाच्या भानगडीत पडू नये. बॉलपेन घ्यावं, क्रमांक दोनदा लिहावा, एक तिकिटापासून लांब.